बांधातली वीट

मास्तर,

मला भीती वाटते आहे. चार वर्षं तुमच्या शाळेत होते, त्यात हे वाक्य माझ्या तोंडून तुम्ही एकदाही ऐकलं नसेल. तुम्ही मला मिरची म्हणायचात. मागे मुलींच्या बसकरावर बसून मी पुढच्या पोरांच्या चुका मोठ्याने सांगायचे आणि तुम्ही पाठमोरेच म्हणायचात, "मिरचे, तुला विचारलं की बोल." आता विचारलंय, आणि जीभ टाळूला चिकटली आहे. विचारणारी दहा वर्षांची आहे, माझी नात. उद्या शुक्रवार. उद्या तिच्या शाळेत सगळ्यांसमोर मला तिच्या शेजारी उभं राहायचं आहे, हातात ती वीट धरून. तुम्ही दिलेली. म्हणून आज दुपारी घरात कुणी नसताना हे लिहायला घेतलं. तुम्हाला जाऊन चाळीसेक वर्षं झाली, पोस्टमनला हे कुठे न्यायचं कळणार नाही, एवढी अक्कल मला आहे. शुद्धलेखन तपासू नका.

मी राहते ती जागा तुमच्या भिंतीवरच्या नकाशात होती, पण तुमची छडी तिथवर कधी गेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या उजव्या अंगाला, नकाशा घडीवर फाटला होता तिथे. न्यूझीलंड. मुलगा इथे पाण्याच्या पाइपांचा इंजिनियर आहे, सून औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे, आणि मी पोर सांभाळायला सहा महिन्यांसाठी आले ती राहिलेच. शहराचं नाव क्राइस्टचर्च. मुलाने घर घेतलं ते पूर्वेला, नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे. पहिल्या दिवशी मागच्या अंगणात उभी राहिले, वास घेतला, आणि म्हटलं, "अरे, ही तर खाडी." मुलगा म्हणाला, "आई, रिव्हर व्ह्यू आहे." मी म्हटलं, "व्ह्यू तुझा, पण जमीन कुणाची ते आधी बघ." दोघं नवराबायको हसली. म्हातारीच्या बोलण्याला हसायची पद्धत सगळ्या देशांत सारखीच आहे.

दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत, दुपारी, मी नातीला वरणभात भरवत होते. चार वर्षांची होती. भूकंप झाला. कपाटं पडली, काच फुटली, ते सगळं मला नीट आठवतही नाही. हलत होतं तोवर मी घाबरले नाही, हलायचं थांबल्यावर घाबरले. मागच्या दारातून बघते तर गवताला भोकं पडली होती आणि त्यांतून राखाडी पाणी बुडबुडत वर येत होतं, खाली कुणी चूल पेटवल्यासारखं. पाण्याबरोबर गाळ. आणि वास तोच, आपल्या कांदळातला, खारफुटीतला, ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हाचा. मला वाटलं, साठ वर्षं लागली, पण याने मला शोधून काढलं. मी देवाला फारशी घाबरत नाही, मास्तर, देव विसरतो. पाणी विसरत नाही. मी पोरीला ओट्यावर बसवलं आणि काय केलं असेल? परातीत पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. तो गोळा उचलला आणि दाराशी सगळ्यात मोठं भोक होतं त्यात कोंबला. टाचेने दाबला. वर आणखी दाबला. संध्याकाळी मुलगा शहरातून चालत घरी पोचला तेव्हा मी गुडघाभर गाळात उभी होते. पुढे आठ दिवसांनी फावड्याने गाळ उपसताना त्याला ती कणीक सापडली, दगडासारखी झालेली. त्याने बायकोला हळूच सांगितलं, आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी ऐकलं. भोक दिसलं की बुजवायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं. ते मी शिकवायला हवं होतं, आणि मीच ते कधी तोंडातून काढलं नव्हतं.

नंतर सरकारने सांगितलं की या पट्ट्यातली जमीन आता घरं पेलायची नाही. एकेक घर रिकामं झालं. शेजारची म्हातारी गेली, समोरचे गेले, आम्ही गेलो, गावाच्या दुसऱ्या टोकाला रिकार्टनकडे, जिथे कोथिंबीर आणि तांदळाचं पीठ मिळतं. मागून मशिनं आली आणि घरं मोडून ट्रकांत भरून घेऊन गेली. आता तिथे नुसतं गवत आहे, डांबराचा रस्ता आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुणाच्या ना कुणाच्या परसातली फळझाडं. रविवारी मुलगा आम्हा दोघींना तिथे सोडतो. नात आमच्या प्लमच्या झाडाची प्लमं काढते आणि मी नदीकाठी नवा मातीचा बांध घातलाय त्यावरून चालते. त्याला स्टॉपबँक म्हणतात. गेल्या वर्षी त्यात एक भोक दिसलं. मी बसले आणि हाताने चिखल आणि पाती कोंबायला लागले. कुत्रा फिरवायला आलेला एक जण थांबला, म्हणाला, "यू राइट देअर?" मी म्हटलं, "होल." तो म्हणाला, सशाचं असेल, आणि खिशातून फोन काढला. पुढच्या रविवारी कौन्सिलच्या माणसांनी येऊन ते पक्कं बुजवलेलं होतं. मला इतकी रडू येण्यासारखी गोष्ट त्या वर्षात दुसरी घडली नाही. फोन केला आणि माणूस आला.

स्वतःची गल्ली अशी गवताखाली गेली म्हणून असेल, नातीला नाहीशा झालेल्या गावांचा नाद लागला. या वर्षी शाळेत प्रोजेक्ट होतं, तिने इटलीतलं एक बेट घेतलं. व्हेनिस शहर पाण्यात उभं आहे ना, त्याच्याच खाडीत, उत्तरेच्या अंगाला. जुन्या काळी तिथे वस्ती होती, देवळं होती, जोगिणींसारख्या बायकांचे मठ होते. जमीन खचत गेली, दलदल झाली, ताप आला. लोक एकेक करून उठले, आणि जाताना दगड, विटा, खांब होड्यांत भरून घेऊन गेले, दुसऱ्या बेटांवर त्याच्या भिंती घातल्या. मागून तिथे मिठागरं झाली. मी भाजी चिरत होते आणि ती लॅपटॉपवरचं वाचून दाखवत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर देते इंग्रजीत, आणि मी तिचं इंग्रजी अर्धं समजून अर्धं तिच्या तोंडाकडे बघून ओळखते. मी म्हटलं, "हे तर आमचंच बेट." झालं. जीभ घसरली. तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. "आजी, यू हॅड अन आयलंड?"

मग मी सांगितलं, कारण वीटही तिने पाहिलेली होती. भावाच्या दिवसांना मी गावी गेले होते तेव्हा त्याच्या माळ्यावरच्या माझ्या ट्रंकेतून ती काढून आणली. मुलाने विमानतळावरच्या फॉर्मवर माती नाही अशी खूण केली होती. इथे मातीला फार घाबरतात, चपलेचा तळसुद्धा बघतात. तिथली बाई दंडावर गोंदलेली, ठाण मांडून उभी. नऊवारीची घडी उघडली आणि वीट टेबलावर ठेवली.  मला वाटलं हिला कळलं. तिने वीट उलटीपालटी केली, आत नेली, गरम पाण्याने आणि औषधाने घासली, कोरडी करून आणून दिली, म्हणाली, "देअर यू गो, नाना, गुड अ‍ॅज गोल्ड." नाना म्हणजे इथे आजी. आपल्या बांधाचा चिखल, मास्तर, साठ वर्षं मी जपलेला, त्यांच्या बेसिनातून गेला. मला हलकं वाटायला हवं होतं, पण तसं काही झालं नाही.

नातीला मी काय सांगितलं ते तुम्ही ऐका. मी तिला गावाने जे ठरवलं तेच सांगितलं. की आमच्या बेटावर फार जुनी वस्ती पुरलेली होती, तिथे शापाचा एक दगड होता, बाहेरगावचा एक मास्तर आला, त्याने तो दगड उकरून धुतला, आणि त्याच आठवड्यात समुद्र आत आला. तिने डोळे मोठे करून ऐकलं आणि लिहून घेतलं. तिच्या बाईंना ते इतकं आवडलं की इटलीचं बेट मागे पडलं. शुक्रवारी आजीआजोबांना बोलवायचं ठरलं. अ टीचर मूव्ह्ड अ कर्स्ड स्टोन. हे वाक्य ती रोज पाठ म्हणायची, आंघोळीला जाताना, बूट घालताना.

तुम्ही काय शिकवलं होतंत ते मला अजून पाठ आहे. कांदळाच्या कडेला ओहोटीला तांबड्या विटांचे पाये दिसायचे. मातीची कडी एकावर एक रचलेली विहीर होती. चिखलात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या, खाली कुठेच न पोचणाऱ्या. तुम्ही आम्हाला सगळ्यांना तिथे नेऊन उभं केलंत आणि म्हणालात, इथे सात-आठशे वर्षांपूर्वी गलबतं लागायची. निळ्या झिलईची खापरं दाखवलीत, म्हणालात, ही आपल्या कुंभाराची नाहीत, समुद्रापलीकडून आली. आणि तो दगड. वर चंद्र-सूर्य, मधे पाण्याने खाल्लेल्या ओळी, खाली गाढव आणि बाई. ते काय चित्र आहे हे आम्हा मुलींना तुमच्याआधी ठाऊक होतं, तरी तुम्ही खालच्या अर्ध्यावर गोणपाट टाकायचात. म्हणालात, "हा शाप नाही, ही शिवी आहे. राजाने जमीन दान दिली, ती जो बळकावेल त्याला ही शिवी. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकेल, असा त्याचा अर्थ." मी मागून म्हटलं, "चंद्र-सूर्य तर आहेत. गाव कुठाय?" पोरं हसली. तुम्ही हसला नाहीत. फळ्यावर बेट काढलंत, भोवती बांध काढलात, आणि खडूने एकेक घर पुसत गेलात. नदीने गाळ आणला, गलबतं यायची थांबली, एक घर उठलं, जाताना वासे आणि विटा घेऊन गेलं. मग दुसरं. बांधाचे तुकडे घराघराला वाटून दिलेले असतात, गेलेल्या घरांचे तुकडे राहिलेल्यांवर पडले, हात पुरेनात. "गाव बुडायला शाप लागत नाही," तुम्ही म्हणालात, "एक भोक लागतं." आणि बांधाच्या रेघेवर अंगठ्याने एवढंसं पुसलंत.

आपल्या गावाचंही तसंच होतं ना. पुढे कित्येक पिढ्यांनी आमच्या पणजोबा-खापरपणजोबांनी ते बेट पुन्हा उठवलं, त्याच जुन्या विटा बांधाच्या पोटात घातल्या, वरून चिकणमाती आणि पेंढा. आमचा तुकडा उघाडीपासून करंजाच्या झाडापर्यंत. उघाडी म्हणजे ते लाकडी दार, पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला मिटायचं. तुकडा सकाळी चालून बघायचा, खेकड्याने बीळ केलं असलं तर चिखल कोंबून टाचेने दाबायचं, हे आमच्या घरात माझं काम. तुम्ही घाटावरचे, तुम्हाला पाण्यातलं काही कळत नव्हतं. माझ्या बापाने तुम्हाला सांगितलं की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमीला सहा, द्वितीयेला दीड. तुम्हाला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवसापासून रोज सगळ्या वर्गाकडून पाऊणकी घोकून घ्यायला लागलात. इथे ते गणित चालत नाही, मास्तर. मी येऊन महिनाभर नदीकाठी उभी राहून पाहिलं. इथलं पाणी स्वतःच्या वेळेला येतं. त्याचीही भीती वाटते, कधी येणार ते न कळण्याची.

तुम्ही एक वही केली होती. जुन्या वस्तीतलं कुणी काही आणलं की त्यात शाईने लिहायचात, वस्तू काय, कुठे मिळाली, कुणी आणली. पोरांची नावं होती त्यात, मुलींचं एकही नव्हतं. खापरं पोत्याने आली, विटाही आल्या, पण तुकडे. तुम्हाला एक अख्खी हवी होती, मापं घ्यायला. मला माझं नाव शाईने लिहिलेलं बघायचं होतं, एवढंच. कोजागरी होऊन दोन दिवस झाले होते. शेतात भात निसवलेलं. सकाळी ओहोटी होती, मी तुकडा बघायला गेले, आणि पावसाने बांधाची बाहेरची कड धुपून विटेचा कोपरा उघडा पडला होता. हलवली. हलली. एका बाजूला तीन बोटं ओढल्याच्या खुणा, ओल्या मातीत कुणी ओढलेल्या, मी माझी बोटं त्यात ठेवली आणि ती बसली. मग मी ती काढलीच. भोकात चिखल भरला, भरला म्हणजे थापला. वर पाला टाकला.

घरी बाप म्हणाला, "बघून आलीस ना गं?" मी म्हटलं, "हो."

शाळेत तुम्ही वीट दोन्ही हातांनी घेतलीत. "कुठून आणलीस?" मी म्हटलं, "कांदळातून." कांदळातला चिखल काळा असतो आणि घाण मारतो. माझ्या विटेला पिवळी माती होती आणि एक पेंढ्याची काडी चिकटलेली होती. तुम्ही ती काडी नखाने काढलीत. जरा थांबलात. मग वहीत माझं नाव लिहिलंत, वळणदार, आणि मला दाखवलंत. ती काडी मी साठ वर्षं बघते आहे. मधे बरीच वर्षं मी तुमच्यावर रागावलेलीही होते. यांना कळलं होतं, मग हे उठले का नाहीत? उठून पाच मिनिटांत बांधावर पोचले असते. मग माझं मलाच उत्तर मिळालं. तुम्ही घाटावरचे होतात. अंगठ्याने खडू पुसणं वेगळं. एक वीट काढली म्हणजे दुपारी काय होतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

दुपारी दीडला खांड गेली, बांध फुटला. आमच्याच तुकड्यात. आधी आवाज झाला, मोठं जनावर उठतं तसा, आणि मग खारं पाणी भातातून पळत आलं. माणसं पेंढ्याच्या गुंड्या, दारं, बाजा घेऊन धावली, कशाने अडतंय. गुरं ओरडत होती. तीन वर्षं त्या जमिनीत काही उगवणार नव्हतं, हे सगळ्यांना तिथेच कळलं. देवळात गाव बसलं. तुकडा कुणाचा म्हणून बापाला विचारलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझी पोर सकाळी बघून आलीय. बांध धड होता." माझा बाप कधी खोटं बोलला नव्हता, म्हणून सगळ्यांनी मानलं. बांध धड होता, तर मग पाणी आलं कसं? मग कुणीतरी म्हणालं, मास्तरने गाढवाचा दगड धुतला. मी बायकांच्यात आईच्या पदराआड होते. तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "दगड मी धुतला, हे खरं आहे." तेवढंच म्हणालात. माझ्याकडे बघितलंही नाहीत. मला वाटत होतं, आता बघतील, आता बोलतील. 

तिसऱ्या दिवशी तुम्ही होडीत ट्रंक आणि वळकटी ठेवलीत. पोचवायला कुणी आलं नाही, मी करंजाखाली उभी होते. तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीट माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "ही जागेवर परत लावायची राहून गेली. आता जागाच नाही. तू ठेव." रागावला नव्हतात. रागावला असतात तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते आणि फिटलं असतं. दोन वर्षांत बेट रिकामं झालं. बाप पलीकडे दुसऱ्याच्या मिठागरावर कामाला लागला. जाताना सगळ्यांनी घरांचे वासे नेले, कौलं नेली. आता तिथे कांदळ आहे, खाली दोन गावं आहेत, एकावर एक.

परवा मंगळवारी संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि नात पाठांतर करत होती. अ टीचर मूव्ह्ड अ कर्स्ड स्टोन. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आजी, इज दॅट राइट?" रोज विचारायची, मी हो म्हणायचे. परवा हात पिठात असताना तोंडातून "नाही" निघालं. तवा धुरावला, भाकरी जळली, मी गॅस बंद केला आणि सांगितलं. वीट कुठली, काढली कुणी, वहीत नाव, काडी, देऊळ, होडी.  तिने विटेवरच्या तीन बोटांच्या खुणांत आपली बोटं ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

"सो इट वॉज यू," म्हणाली.

"हो."

"त्यांना दुसरी नोकरी मिळाली?" हे इंग्रजीत.

मी म्हटलं, "घाटावर कुठेतरी होते म्हणे. भावाने सांगितलं."

"तू सॉरी म्हणालीस?"

"पत्ता नव्हता."

"दॅट्स नॉट अ रीझन, आजी." जीभ माझीच घेतली आहे पोरीने.

मग तिने लॅपटॉप ओढला आणि पहिलं सगळं पुसून टाकलं. माझ्या आजीने बांधातली वीट काढली, असं लिहिलं. तुमचं नाव तिला लिहायचं होतं, मला ते आठवेना. आम्ही नुसतं मास्तर म्हणायचो. लिहिता लिहिता ती थांबली आणि म्हणाली, "पाणी येणार हे तुला माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही." तिने लिहिलं, शी डिड नॉट नो. मोठा श्वास सोडला. तिला तेवढंच हवं होतं, आजीला माहीत नव्हतं. मग येऊन मला पाठीमागून मिठी मारली, पिठासकट.

आता तेच वाक्य उद्या ती सगळ्यांसमोर वाचणार आहे, आणि मला भीती वाटते ती त्या वाक्याची.

वीट तुम्हाला दिली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी बांधावरून घरी जात होते. बारा वाजले असतील. आमच्या तुकड्यात आतल्या अंगाला पाणी येत होतं, करंगळीएवढं. मी बोट लावून चाखलं. खारट. मी त्यावर टाच ठेवली. टाचेखालून ढकलत होतं, वासराने ढुशी द्यावी तसं. मला पाऊणकी येत होती, मास्तर, तुम्हीच शिकवलेली. द्वितीया होती. दीडला भरती. अजून दीड तास. बाप समोरच्या खाचरात होता, हाक मारली असती तर ऐकू गेली असती, आणि मग वहीतलं नाव खोडलं गेलं असतं. आईने जेवायला हाक मारली. मी टाच काढली आणि गेले. त्या दिवशी बोंबलांचं कालवण होतं. मी दोनदा घेतलं.

तुम्हाला माहीत नव्हतं. मला होतं.

तिला थांबवून हे सांगेन असं वाटतं आणि मग पाठीवर तिचे ते दोन हात आठवतात. विटेच्या जुन्या वर्तमानपत्राचा भुगा झाला आहे. उद्या ती वीट या पत्राच्या कागदांत गुंडाळून नेणार आहे. सगळ्यांसमोर नात स्वतःच्या हाताने ती उलगडेल, कागद नीट घडी करून टेबलावर ठेवेल, व्यवस्थित आहे ती. तिला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता येत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणूनच हे कागद.